हक्कसोड, व्हाया ट्युनिस

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामा दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज टाकतात. मजकूर ठरलेला. ट्युनिशियासारख्या मुस्लिम देशाने 1956 सालीच दुसऱ्या बायकोवर बंदी घातली, तोंडी तलाक मोडीत काढला, मग आपल्याकडेच घोडं कुठे पेंड खातंय? खाली मला टॅग. नवऱ्याच्या फॉस्फेटमधल्या नोकरीमुळे 2016 पासून आम्ही ट्युनिसमध्ये राहतो, त्यामुळे घरातली ट्युनिशियातज्ज्ञ मीच. (फॉस्फेट म्हणजे डीएपी खताचा कच्चा माल. इथल्या खाणीतला दगड फिरून फिरून शेवटी कराडकडच्या आपल्याच उसाला पडतो, असं बाबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे.)

एरवी मी त्या मेसेजवर अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी होते. या वेळी जमलं नाही. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला होता. तो कशासाठी, ते पुढे सांगते.

आधी मामांच्या मेसेजबद्दल. त्यातली माहिती खरी आहे. ट्युनिशिया 20 मार्च 1956 ला फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि पाच महिन्यांच्या आत, 13 ऑगस्टला, पंतप्रधान हबीब बुर्गिबांनी नवा कुटुंब कायदा जाहीर केला. दुसरं लग्न केलं तर वर्षभर तुरुंग. घटस्फोट फक्त न्यायालयात, आणि तो बायकोही मागू शकते. लग्नाला दोघांची संमती हवी. पुढे 1973 मध्ये पहिल्या तीन महिन्यांतला गर्भपात सगळ्याच बायकांसाठी कायदेशीर झाला. गंमत म्हणजे बुर्गिबांनी हे सगळं धर्म बाजूला सारून केलं, असं कधीच म्हटलं नाही. कुराणात एकाहून जास्त बायकांना परवानगी आहे ती सगळ्यांना सारखा न्याय देण्याच्या अटीवर. आणि तसा न्याय तुम्हाला जमणार नाही, असंही कुराणातच म्हटलंय. मग परवानगी उरली कुठे? वकिली डोकं. 13 ऑगस्ट हा इथे महिला दिन म्हणून सुट्टीचा दिवस असतो. त्या सुमाराला संध्याकाळी समुद्राकाठी पोरं मोगऱ्याच्या कळ्यांचे छोटे झुबके विकतात, मश्मूम म्हणतात त्याला, आणि बाप्ये तो कानावर खोचून फिरतात. आपल्याकडे गजरा बायकांचा. इथे कानामागे मोगरा खोचलेला टॅक्सीवाला बघायची सवय व्हायला मला एक उन्हाळा लागला.

मेसेजात नसतं ते हे. त्या कायद्यावर कुठल्याही सभागृहात वाद झाला नाही. गादीवर अजून बे, म्हणजे इथला राजा, बसलेला होता, त्याच्या सहीने हुकूम निघाला. आपल्याकडे याच्या उलट. हिंदू कोड बिलावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, आंबेडकरांनी 1951 मध्ये राजीनामा दिला, बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले आणि त्यातला हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. म्हणजे ट्युनिशियाच्या दोन महिने आधी. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आपण पुढेच की!" मामांशी वाद घालण्यात हाच प्रॉब्लेम आहे.

हुकमाने आलेल्या सुधारणेचं देणं पुढे बराच काळ फेडावं लागतं. बुर्गिबा 1975 मध्ये तहहयात अध्यक्ष झाले. 1981 मध्ये एका परिपत्रकाने सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत डोक्यावर रुमाल बांधायला बंदी आली. 1987 मध्ये त्यांचेच पंतप्रधान बेन अली त्यांना बाजूला सारून गादीवर बसले, आणि 'आमच्याकडे बायका बघा किती स्वतंत्र' हे पाश्चात्त्य पाहुण्यांना दाखवायचं त्यांचं हुकमी नाणं झालं. सरकारविरुद्ध बोललं की तुरुंग मात्र बाईलाही होता आणि बुवालाही. त्यामुळे 14 जानेवारी 2011 ला बेन अली विमानात बसून सौदीला पळाले, तेव्हा अनेकांच्या मनात स्त्रियांचे कायदे आणि हुकूमशाही यांची गाठ पक्की बसलेली होती. 2012 मध्ये नव्या राज्यघटनेच्या मसुद्यात स्त्रीला पुरुषाची 'पूरक' म्हणायचा घाट घातला गेला. 13 ऑगस्टलाच हजारो बायका रस्त्यावर आल्या आणि तो शब्द गेला. 2014 च्या घटनेत 'समान' आला. माझ्या मते या देशातली स्त्रियांची खरी मिळकत 2012 ची, 1956 ची नव्हे. पण ती फॉरवर्ड करायला सोपी नाही.

आता ऑलिव्हकडे येते.

आमच्या घरमालकिणीला सगळी गल्ली 'खालती' म्हणते. म्हणजे मावशी, आपल्याकडचं खाला. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, बुर्गिबांची कडवी भक्त. माहेर महदियाकडचं, समुद्रकाठच्या ऑलिव्हच्या पट्ट्यातलं. तिकडे इस्टेट मोजताना झाडं मोजतात. दर हिवाळ्यात झोडणी झाली की भावाकडून पाच लिटर तेलाचा डबा येतो, आणि त्यातली एक बाटली ती मला देते. हिरवंगार, घशाला झोंबणारं तेल. मी त्यात लसणाची फोडणी करते हे तिला अजून पटलेलं नाही.

पहिल्या वर्षी मी सहज विचारलं, "तुझी झाडं किती?" ती हसली. बाप गेला तेव्हा तीन भाऊ आणि ही एकटी बहीण. शरियतप्रमाणे मुलाला दोन तर मुलीला एक, म्हणजे सातातला एक वाटा. कायद्याने तो तिचा होता, आजही आहे. तिने तो कधी मागितला नाही, त्यांनी कधी दिला नाही. "तेल येतं ना," म्हणाली. फ्रेंच शिकवलेली, स्वतः अर्ज करून घटस्फोट घेतलेली बाई.

बुर्गिबांनी सगळं केलं, पण वारशाला जवळजवळ हात लावला नाही. 1959 मध्ये एवढं झालं की मुलगा नसेल तर मुलीच्या वाट्याला आडवे येणारे काके-पुतणे बाजूला झाले. भाऊ असला की मात्र अर्धा वाटा, हे कायम. खरं तर तिथपर्यंत 1930 मध्येच एकजण पोचला होता. ताहर हद्दाद, झैतुना मशिदीच्या विद्यापीठात शिकलेला, कामगार चळवळीतला तरुण. त्याने स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं आणि वारशातला अर्धा वाटा हा त्या काळापुरता होता, अखेरचा शब्द नव्हे, असंही त्यात मांडलं. मौलवी तुटून पडले, परीक्षेच्या दालनातून त्याला बाहेर काढलं, आणि 1935 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी तो एकाकी मेला. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेले आगरकर आठवतात. आता हद्दादच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र जुन्या शहरात आहे. जिवंत असताना ज्याला वाळीत टाकलं त्याच्या नावाची पाटी लावण्यात आपण आणि ते, दोघंही तरबेज.

झैतुना म्हणजे ऑलिव्ह, हे मला खालतीने सांगितलं. मुद्दा तिथेच असावा असं मला उगाच वाटत राहतं.

2017 च्या 13 ऑगस्टला अध्यक्ष बेजी काईद एस्सेब्सींनी हा वारशाचा विषय उघडला. समिती नेमली, अध्यक्ष बोशरा बेलहाज हमीदा. (नऊ दिवसांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द केला. त्या महिन्यात ग्रुपवर मामांना उसंत नव्हती.) पुढच्या उन्हाळ्यात समितीचा अहवाल आला आणि ट्युनिस दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रस्त्यावर आलं. 11 ऑगस्ट 2018 ला संसदेसमोर विरोधक, 13 ला बुर्गिबा मार्गावर समर्थक. दुसऱ्या मोर्चाला मी खालतीबरोबर गेले. पहिल्याची गर्दी मी टॅक्सीतून बघितली, आणि माझ्या लक्षात राहिलीय ती तीच. अर्ध्याहून अधिक बायका वाटल्या. रुमाल बांधलेल्या, उन्हात पोरांना घेऊन उभ्या. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. माझ्या टॅक्सीवाल्याची बायकोही तिथे होती, तो म्हणाला, "तिचं म्हणणं, अर्धा वाटा घेतला तर भावाने सांभाळायचं, पूर्ण घेतला तर कोण सांभाळणार?" आता मला सांगा, हे वाक्य सातारा जिल्ह्यात कुणी म्हणत नाही का?

एस्सेब्सींच्या विधेयकातली एक युक्ती मला फार हुशारीची वाटली. मुळात वाटणी समान धरायची. ज्या बापाला शरियतप्रमाणे हवी असेल त्याने हयातीतच तसं लिहून ठेवायचं. म्हणजे 'मला मुलीला कमी द्यायचंय' हे बापाने आपल्या सहीने, सगळ्यांदेखत सांगायचं. मंत्रिमंडळाने मंजूर केलं, नोव्हेंबर 2018 मध्ये संसदेत गेलं आणि तिथेच पडून राहिलं. 25 जुलै 2019 ला एस्सेब्सी वारले. त्यांच्यानंतर आलेले कैस सईद कायद्याचे प्राध्यापक. 13 ऑगस्ट 2020 च्या, म्हणजे महिला दिनाच्याच भाषणात त्यांनी सांगितलं की वारशाबाबत कुराणाचा शब्द स्पष्ट आहे. विषय संपला. सईद ना इस्लामी पक्षाचे, ना मौलवी. त्यांनी पुढे 2021 मध्ये संसद गोठवली, स्त्रीला पंतप्रधान केलं आणि 2023 मध्ये घरी पाठवलं. इस्लामी एन्नहदा पक्षाचे रशीद घन्नूशी आज तुरुंगात आहेत. तरी बहिणीचा वाटा अर्धाच. धर्मवाले गेले की प्रश्न सुटेल, असं मानणाऱ्या माझ्या पुण्यातल्या पुरोगामी मित्रांनी हे जरा शांतपणे बघावं.

त्या भाषणाच्या दोन दिवस आधी, 11 ऑगस्ट 2020 ला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता: मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच वाटेकरी, 2005 च्या दुरुस्तीवेळी बाप हयात असो वा नसो. महाराष्ट्राने तर 1994 मध्येच मुलींना हा हक्क दिला होता. मी तो निकाल ग्रुपवर टाकला होता. मामांनी नमस्काराचं चिन्ह टाकलं. दादाने काहीच नाही.

आता दादाचा फोन.

बाबा गेल्या वर्षी गेले. वारस नोंद झाली. दादा म्हणाला, "तलाठ्याकडचं झालं एकदाचं. आता तेवढं हक्कसोड करून टाकू. तुला यायला नको. तिकडच्या वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून पाठव, आईच्या नावाने." आवाजात खोट नव्हती. दादा वाईट नाही. आईचं दुखणं-खुपणं तोच बघतो, ऊस कारखान्याला घालायला रात्र-रात्र तोच थांबतो, आणि दर मे महिन्यात माझ्या सासरी पुण्याला आंब्याची पेटी तोच पोचवतो. आत्याने सोडलं, मावशीने सोडलं, मोठ्या काकांच्या तिन्ही मुलींनी एकाच दिवशी निबंधक कार्यालयात जाऊन सोडलं आणि येताना सगळ्या मिळून मिसळ खाऊन आल्या. मी नाही म्हटलं तर मी कोण? परदेशात राहून भावाच्या तोंडचा घास काढणारी.

इथे मला एस्सेब्सींची युक्ती परत आठवली. तिथे बापाला सही करायला लावणार होते. आपल्याकडे कायदा बरोबरीचा आहे, आणि तो बाजूला सारायची सही करायची बहिणीने. तीही बाप गेल्यावर, सुतकाचं वर्ष सरायच्या आत, हसत. ट्युनिशियाचा 'मागासलेला' वारसा कायदा आणि आमचा 'पुढारलेला' कायदा एकाच बांधावर येऊन थांबतात. एकीकडे तेलाचा डबा, दुसरीकडे आंब्याची पेटी.

मिरजेच्या मैत्रिणीला फोन केला. कॉलेजपासूनची, आणि मामांचा हा मेसेज वेगवेगळ्या ग्रुपांवरून तिलाही येतोच. "अगं, ट्युनिशियाने काय केलं याचा जाब मीच का द्यायचा? मी कधी गेलेय तिथे?" असं ती पूर्वी चिडून म्हणायची, आता नुसती हसते. तिच्या अब्बांनी हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करून तिला भावाइतकीच जागा दिली. तिच्या चुलतबहिणीला मात्र अर्धाही मिळाला नाही. 1966 मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा रस्ता मुस्लिमांनी मोकळा सोडला नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्या हिंदूंनी स्वतःच्या घरातल्या वाटण्या बघितल्या नाहीत, असं ती म्हणते. पहिल्या अर्ध्याबद्दल दुमत नाही. दुसऱ्याबद्दल वाद घालायचा होता, पण माझ्या टेबलावर कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पडलेला होता.

रविवारी तेलाची बाटली द्यायला खालती वर आली. टेबलावरचा कागद बघून तिने विचारलं. मी समजावलं. "तनाज़ुल," ती म्हणाली. अरबीत त्याला असाही शब्द आहे, हक्क सोडून देण्याला. मग तिने विचारलं, तुझं नाव मुळात कुठे लिहिलंय तरी का? तिचं कुठेच नव्हतं.

मी लॅपटॉपवर महाभूलेख उघडलं, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर भरला. सातबारा यायला वेळ लागला. बाबांचं नाव कंसात, खाली सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि मध्ये तीन ओळी. खालती चष्मा लावून स्क्रीनवर वाकली. देवनागरीतलं तिला एक अक्षर कळत नाही.

"यातली तू कुठली?"

मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.