नागरी हक्कांचा दावा मुदतीत कसा बुडवावा

अमेरिकेत पोलिसांनी तुम्हाला विनाकारण झोडपलंय, किंवा तुरुंगात औषध नाकारलंय. बाजू खरी आहे, पुरावा आहे, फक्त वकिलाला द्यायला पैसे नाहीत. उत्तम! असा दावा गुणदोषांवर हरणं कठीण, म्हणून तो तारखांवर हरायचा. फेडरल कोर्टाची पायरी चढायला कोणी अडवत नाही. फी ४०५ डॉलर; ऐपत नसेल तर माफीचा अर्ज आहे (कैद्यांना माफी नाही, हप्ते आहेत). वकीलही जरूर मागा. दिवाणी दाव्यात न्यायाधीश वकिलाला नुसती विनंती करू शकतो, सक्ती नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय.

पहिली संधी दावा लावण्याआधीच मिळते. ज्या कलम १९८३ खाली (पोलीस किंवा तुरुंग अधिकाऱ्याने हक्क मोडला तर दावा लावू देणारं कलम) तुम्ही जाणार त्याचं मूळ १८७१ च्या कायद्यात आहे, आणि त्यात मुदत लिहिलेलीच नाही. ती त्या त्या राज्याच्या शारीरिक इजेच्या कायद्यातून उसनी घेतात. न्यूयॉर्कमध्ये ३ वर्षं, कॅलिफोर्नियात २, टेनेसीत १. तेव्हा मार टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये खाल्ला असेल तर सल्ला न्यूयॉर्कच्या मित्राचा घ्या. मारणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर ‘जॉन डो’ (अनोळखी माणसासाठीचं ठरलेलं नाव) लिहा आणि निवांत राहा. मुदत उलटल्यावर खरं नाव घालायला गेलात की बहुतेक अपील कोर्टं सांगतील, नाव माहीत नसणं ही ‘चूक’ नव्हे, आणि नियम सांभाळून घेतो तो फक्त चुकीला.

घाई केली तरी चालतं, बरं का. आपल्यावर तुरुंगात वैद्यकीय प्रयोग झाले असा आरोप करणाऱ्या एका कैद्याने, वकिलाविना, सरकारी खात्याकडे रीतसर मागणी करण्याआधीच केंद्र सरकारवर भरपाईचा दावा लावला (कलम १९८३ खालचा नव्हता तो). तो फेटाळला गेला, आणि १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. कारण? फार लवकर आला.

दावा दाखल झाला की घरी जाऊन वाट बघा. समन्स कोर्ट आपोआप धाडतं अशी समजूत बाळगा. प्रत्यक्षात क्लार्कच्या सहीशिक्क्याचं समन्स आणि दाव्याची प्रत ९० दिवसांत प्रतिवादीला बजावणं हे तुमचं काम. (फीमाफी मिळाली असेल तर मार्शल बजावतो, पण कोणाला आणि कुठे हे तुम्हीच सांगायचं.) चैन पडत नसेल तर स्वतःच चौकीवर जाऊन समन्स देऊन या. पक्षकाराने स्वतः बजावलेलं समन्स धरत नाहीत. १८ वर्षांवरचं दुसरं कोणीही चालतं, शेजारच्या काकूसुद्धा. समोरच्याला ‘समन्स रीतसर बजावण्याचा आग्रह सोडा’ असं टपालानेही विचारता येतं, पण सोबत त्या फॉर्मच्या दोन प्रती आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट लागतं. पाकीट विसरा.

आता सगळ्यात खात्रीचा उपाय: घर बदला आणि कोर्टाला कळवू नका. तुरुंगातून सुटलात, भावाकडे गेलात, तिथून शेल्टरमध्ये. कोर्टाचं पाकीट जुन्या पत्त्यावर जातं, ‘पोचवता आलं नाही’ असा पिवळा कागद चिकटून क्लार्ककडे परत येतं आणि फाइलमध्ये नोंद होते. मग कारणे दाखवा नोटीस निघते. कुठल्या पत्त्यावर? त्याच. तिला उत्तर आलं नाही की फेडरल दिवाणी नियमांतला ४१(ब), म्हणजे दावा चालवण्यात कसूर. यासाठी समोरच्या वकिलाने अर्ज करायचीही गरज नसते, न्यायाधीश आपणहून फेटाळू शकतो. १९६२ पासून हे पक्कं आहे. एका पानावर खटल्याचा क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता आणि सही, एवढं क्लार्ककडे दिलंत तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. तसंच पेसर या सरकारी संकेतस्थळावर आपला खटला अधूनमधून बघायचा मोह टाळा. पानाला १० सेंट पडतात आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत असेल तर माफ होतं, म्हणजे चक्क फुकटात सावध व्हाल.

एखादं पाकीट पोचलंच आणि त्यावर ‘अहवाल व शिफारस’ असं लिहिलेलं असलं, तर खालच्या मॅजिस्ट्रेट जजची ती नुसती शिफारस आहे असं समजून फ्रिजवर ठेवा. लेखी हरकतीला १४ दिवस असतात (टपालाने आली तर आणखी ३), आणि ते हुकले की बहुतेक ठिकाणी अपिलात तो मुद्दाच काढता येत नाही. कागद धरतात तो क्लार्ककडे पोचला त्या दिवशी, टपालात टाकला त्या दिवशी नव्हे. कैद्यांना मात्र १९८८ पासून सवलत आहे: अपिलाची नोटीस तुरुंगाच्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली तो दिवस धरतात. एवढ्या बाबतीत आत असलेलं बरं.

मुदतवाढ मागायचीच असेल तर मुदत संपल्यावर मागा. आधी मागितली तर ‘सबळ कारण’ पुरतं, आणि अशी एकपानी विनंती सहसा मिळूनही जाते. नंतर ‘क्षम्य दुर्लक्ष’ सिद्ध करावं लागतं, आणि नियम माहीत नव्हता हे त्यात क्वचितच बसतं. १९७२ पासून कोर्टं वकील नसलेल्याचा मजकूर मायेने वाचतात, कायद्याची भाषा नसली तरी अर्थ लावून घेतात. ती माया तारखेपाशी संपते.

आदेशात दावा ‘हक्क अबाधित ठेवून’ फेटाळला असं दिसलं तर पेढे वाटा. पुन्हा लावता येतो! फक्त तोवर राज्याची ती एक-दोन वर्षं सरलेली असतात, आणि पहिल्या दाव्यात गेलेला काळ सहसा वजा होत नाही. अबाधित हक्क फ्रेम करून भिंतीवर छान दिसतो.

न्यायाधीशाची मुदत कोणती, असं मात्र विचारू नका. १९९० च्या एका कायद्यामुळे सहा महिन्यांहून जास्त पडून राहिलेल्या अर्जांची यादी न्यायाधीशांच्या नावानिशी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. दंड वगैरे काही नाही, नाव छापून येतं.

आणि एवढं करूनही दावा बुडत नसेल, तर न्यायाधीशाने दिलेली तारीख तंतोतंत पाळून बघा. ओहायोतल्या एका कैद्याच्या सुटकेच्या अर्जात (नागरी हक्कांचा दावा नव्हता तो, आणि त्याला वकीलही होता) अपिलासाठी नियमाने १४ दिवस वाढवून देता येत होते, न्यायाधीशाने चुकून १७ दिले. नोटीस सोळाव्या दिवशी दाखल झाली. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की उशीर झाला.