झोपाळा नव्हे, सायकलचं चाक

नमस्कार सर,

दुर्बिणीच्या नळीच्या तोंडाशी एक छोटा आरसा असतो, तो दुय्यम आरसा. तो पट्ट्यांऐवजी ताणलेल्या तारांवर धरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत:

"दुय्यम आरसा दोऱ्यांवर टांगणं म्हणजे तो झोपाळ्यावर बसवणं. थरथरणार, पिळणार, कोलिमेशन (आरशांची जुळणी) टिकणार नाही. पत्र्याच्या चार पट्ट्या लावायच्या सोडून ही कसली हौस?" तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पिळण्याचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि घोळ माझाच: लेखात फोटो पहिल्या प्रयोगाचा गेलाय.

त्यात चेंदणी कोळीवाड्यातून आणलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) होता आणि सगळे दोरे सरळ मध्याकडे नेले होते. बोट लावलं की हब, म्हणजे आरसा धरणारा मधला तुकडा, फिरायचं. त्यातून नायलॉन दमट हवेत ओलावा धरतं, ताणाखाली हळूहळू लांबतही जातं. दुपारी ठाण्यात लेझरने केलेलं कोलिमेशन रात्री आकाश बघायला वांगणीला पोचेपर्यंत गायब! एक अमावास्या फुकट गेली, वर मित्रांची टोमणेबाजी.

आता सायकलचं चाक आठवा. मागच्या चाकाच्या तारा हबच्या मध्याकडे जात नाहीत, कडेला स्पर्श करून तिरक्या निघतात. म्हणून पेडल मारल्यावर नुसतं हब फिरत नाही, चाक फिरतं. माझ्याकडे हबच्या पुढच्या टोकाला चार तारा आणि मागच्या टोकाला चार. प्रत्येक चारांत दोन डावीकडे तिरक्या, दोन उजवीकडे. (आधी पुढच्या सगळ्या एकीकडे आणि मागच्या सगळ्या दुसरीकडे केल्या होत्या. हब स्क्रूसारखं फिरत पुढेमागे सरकायचं.) तार ओढते, ढकलत नाही, त्यामुळे वस्तू सगळ्या बाजूंनी जखडायला कमीत कमी सात लागतात.

तारा गिटारच्या, ०.२५ मिमी, प्रत्येकीवर चारेक किलो ताण. नखाने छेडली की 'टिंग' वाजते. एखादी बद्द वाजली तर तिची खुंटी पिळायची. थरथरीचं म्हणाल तर ८ इंची नळीवर टिचकी मारल्यावर गुरू दीड-दोन सेकंद हलतो. जुन्या पट्ट्यांवरही तेवढाच हलायचा. हलतो तो खालचा प्लायवुडचा बेस, आणि त्याबद्दल खुशाल शिव्या घाला.

ताऱ्यांभोवतीचे स्पाइक (प्रकाशाच्या रेघा) नाहीसे होतात, असं मी म्हटलेलं नाही. किती प्रकाश विखुरणार ते आडव्या आलेल्या वस्तूच्या सावलीवर ठरतं. पट्ट्या चार, ०.८ मिमीच्या, म्हणजे ३.२ मिमी. तारा आठ, एकूण २ मिमी. स्पाइक फिके होऊन लांबवर पसरतात. व्याधावर फरक दिसतो. गुरूवरच्या ढगांच्या पट्ट्यांवर दिसतो असं छातीठोक सांगणार नाही.

खरी दुखणी तुम्ही काढलीच नाहीत. आठ तारा मिळून बत्तीस किलोने नळीच्या तोंडाचं कडं आत ओढतात, म्हणून कडं १८ मिमी प्लायचं करावं लागलं. आणि ठाण्याचा पावसाळा! तारांना शिलाई मशीनचं तेल पुसून ठेवतो, तरी जूनमध्ये गंजाचे ठिपके आलेच.

फोटो बदलतो. करून बघणार असाल तर गिटारच्या खुंट्यांचे दोन सेट घेऊ नका, एकच घ्या. त्या सहाच्या सेटमध्ये मिळतात, आठ लागल्या म्हणून मी दोन सेट घेतले. उरलेल्या चार ड्रॉवरमध्ये पडून आहेत, तुम्हाला देतो.