मार्क चांगले आहेत म्हणून पोरगं सुरक्षित नाही

गेल्या आठवड्यात ताईने मला एक मेसेज पाठवला. वर तिने स्वतः लिहिलं होतं, "वाच हे. मी उगाच घाबरत होते."

ताईचा मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने ती मला फोनवर सांगत होती की तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर सामन्यांवर पैसे लावतो आणि विचारलं की अंगावर येतो. एकदा शांतपणे बसून बोल त्याच्याशी, असं मी तिला सांगितलं होतं. ती बोलणारही होती. तेवढ्यात हा मेसेज आला आणि तिने विषय मिटवून टाकला. माझा राग त्यासाठी आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अभ्यासात कच्ची मुलंच जुगाराच्या नादी लागतात. मार्क टिकून असतील तर पालकांनी निश्चिंत राहावं. हुशार मुलगा पैज लावतो तेव्हा तो खरं तर संभाव्यतेचं गणित शिकत असतो. १८ पूर्ण झालेल्याला स्वतःचं बरंवाईट कळतं. आणि दोन-चारदा हरला की नाद आपोआप सुटतो. लिहिणाऱ्याचं नाव नाही. "एका समुपदेशकाच्या अनुभवातून" एवढंच.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. ज्या विद्यार्थ्यांना जुगाराचा त्रास आहे त्यांचे मार्क सरासरीने कमी असतात, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. पण त्यावरून "मार्क कमी म्हणून जुगार" असं कसं म्हणता येईल? मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे पहिल्याच महिन्यात शिकवावं लागतं. जुगारामुळे अभ्यास बुडत असेल. किंवा दोन्हीच्या मुळाशी तिसरंच काही असेल.

ते तिसरं काय असू शकतं, हे न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या एका अभ्यासात दिसतं. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. ती ३ वर्षांची असताना त्यांचा स्वभाव नोंदवला होता. कोण एका जागी बसत नाही, कोण चटकन चिडतं, कोणाला दम धरवत नाही, अशा नोंदी. हीच मुलं २१ आणि ३२ वर्षांची झाल्यावर त्यांच्या जुगाराच्या सवयी तपासल्या. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. लहानपणी ज्यांना स्वतःला आवर घालता येत नव्हता, त्यांच्यात जुगाराची विकृती दिसण्याचं प्रमाण इतर शांत, समतोल मुलांच्या दुपटीहून जास्त निघालं. आणि मेसेज फिरवणाऱ्यांनी पुढचं वाक्य दोनदा वाचावं. बुद्ध्यांक किंवा घरची आर्थिक स्थिती यांनी या फरकाचा उलगडा होत नव्हता. म्हणजे मूल हुशार आहे की नाही, हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. हुशार आणि उतावळी अशी कितीतरी मुलं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात.

दुसरा मुद्दा, "मार्क चांगले तर निश्चिंत राहा", हा या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराची विकृती व्यसनांच्या गटात आणली. तिची ९ लक्षणं ठरवली आहेत. वर्षभरात त्यातली ४ दिसली तरी निदान होतं. शिक्षणाची, नोकरीची किंवा नात्याची वाट लागणं हे त्यातलं फक्त एक. बाकीची पाहा: दिवसभर डोक्यात तोच विचार, रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणं, थांबायचा प्रयत्न फसणं, थांबलं की चिडचिड, उदास वाटलं की खेळणं, हरलेलं भरून काढायला पुन्हा जाणं, खोटं बोलणं, आणि शेवटी पैशासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघणं. यातलं एकही मार्कशीटवर छापून येत नाही. निकाल सहा महिन्यांनी लागतो, पैसा रोज रात्री लागतो. मार्क घसरेपर्यंत थांबायचं म्हणजे घरभर धूर झाल्यावर चूल बघायची.

गणित शिकण्याचा मुद्दा वाचून मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण नेमकी तीच गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे.

ताईकडे गेले होते तेव्हा भाच्याने मला आपणहून वही दाखवली. मावशी संख्याशास्त्राची, तिला कौतुक वाटेल म्हणून. मागच्या पानांवर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, सामना, भाव, जिंकलेली रक्कम. अक्षर सुरेख. मी पानं उलटत गेले आणि विचारलं, "हरलेले कुठे आहेत?" तो म्हणाला, "ते लक्षात असतात, मावशी." गणितात वर्गात पहिल्या पाचात असणारा मुलगा, आणि त्याच्या तक्त्यात तोट्याला रकानाच नाही.

मग मी त्याच वहीतला एक सामना घेतला. दोन्ही संघ तुल्यबळ, दोन्हींचा भाव १.९०, म्हणजे १०० लावून जिंकलं तर हातात १९०. म्हटलं, दोघांवर शंभर-शंभर लाव. खिशातून २०० गेले. कोणीही जिंको, हातात १९० येणार. ते १० कुणाचे? या भावाला नुसतं तोटा न होण्यासाठीसुद्धा १०० पैकी जवळपास ५३ वेळा बरोबर यावं लागतं. रुलेटच्या, म्हणजे कॅसिनोतल्या ३७ खणांच्या चाकाचंही तेच. एका आकड्यावर लावून जिंकलं तर लावलेल्या रकमेच्या वर ३५ पट नफा देतात, ३६ पट नाही. सामन्यांचा अंदाज बांधण्यात काही कौशल्य असतं, हेही मान्य. पण सातत्याने जिंकणाऱ्यांच्या खात्यावर बुकमेकर, म्हणजे पैजा घेणारे, मर्यादा घालतात. हरणाऱ्याला मात्र कोणी अडवत नाही.

भाच्याला हे पाच मिनिटांत कळलं. कळूनही त्याच रात्री तो खेळलाच, हे ताईने नंतर सांगितलं. संभाव्यतेचं गणित मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये सोळाव्या शतकातला जेरोलामो कार्डानो येतो. २५ वर्षं आपण रोज फासे खेळलो आणि त्याची लाज वाटते, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. धर्मराजाला तरी कोण अडाणी म्हणेल? गणित येणं आणि हात आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८ वर्षांच्या मुद्द्यावर फार बोलत नाही. कायद्याने सज्ञान होणं एका दिवसाचं काम असतं. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीच्या आसपास येईपर्यंत घडतच असतो.

राहिला "हरला की सुटतो". हे वाक्य लिहिणाऱ्याने अडकलेला माणूस जवळून पाहिलेला नाही. हरलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं हे वर सांगितलेल्या ९ लक्षणांतलंच एक आहे. काही जण हरल्यावर सोडतात, खरं आहे. पण जो सोडत नाही त्याला प्रत्येक हार पुढच्या डावाचं कारण पुरवते. आणि "थोडक्यात हुकलं" असं झालं तर खेळायची ओढ आणखी वाढते. २००९ साली मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या एका प्रयोगात, जिंकल्यावर जे भाग जागे होतात त्यातले काही थोडक्यात हुकल्यावरही जागे झालेले दिसले. शेवटच्या षटकात हातची पैज गेली की भाचा ज्या उत्साहाने पुढचा सामना शोधतो, तो उत्साह ताईनेच मला वर्णन करून सांगितला होता. तिला तेव्हा वाटलं, पोराने हार मनाला लावून घेतली नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती आधी चिडली. मग म्हणाली, त्याचे मार्क विचारायचे नाहीत तर विचारायचं काय?

काल रात्री ती त्याच्या खोलीत जाऊन बसली. परीक्षेचं काही काढलं नाही. "कोणाचं किती देणं आहे?" एवढंच विचारलं. तो बराच वेळ मोबाइल उलटसुलट करत राहिला. मग चार मित्रांची नावं सांगितली, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा.