यरीहोचीही गोष्ट सांगा

नागपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर सतत फिरत असतो. उत्खननांनी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, शब्द न् शब्द खरा ठरवला, आता टीकाकारांनी गप्प बसावं, असा त्याचा सूर. खाली आमेनची रांग. मध्यंतरी भाच्याचा फोन आला. तरुण संघात त्याला याच विषयावर बोलायचं होतं. "मामा, तुम्ही लंडनलाच राहता न? ते लाखीशचे फोटो काढून पाठवा न!"

पाठवले, आणि आनंदाने पाठवले. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून गेला. तिथलं लाखीश नगर घेतल्याचा पराक्रम त्याने निनवेच्या राजवाड्यात दगडी फलकांवर कोरून घेतला. तटाला भिडलेले सैनिक, शरण आलेली माणसं, बैलगाड्यांवर संसार लादून निघालेली कुटुंबं, सगळं त्यात आहे. हे फलक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सन्हेरीबाच्या मोहिमांचा वृत्तांत कोरलेला मातीचा षट्कोनी स्तंभही तिथेच आहे. आपण ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं तो त्यात सांगतो. यरुशलेम जिंकल्याचं मात्र कुठेही म्हणत नाही. आता बायबलातलं २ राजे हे पुस्तक, अध्याय १८ काढा. हिज्कीयावर बसवलेली खंडणी तिथे तीस किक्कार (हे तेव्हाचं वजनाचं माप) सोनं आणि तीनशे किक्कार रुपं, म्हणजे चांदी, अशी दिली आहे. स्तंभावरही सोन्याचा आकडा तीसच, रुप्याचा मात्र आठशे. लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेला राजा शत्रूच्याच तोंडून समोर येतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

पण तो आठशेचा आकडाही सभेत सांगायला हवा. आणि यरीहोचाही विषय निघायला हवा. इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा याच्यासमोर ज्याचे तट कोसळले असं शास्त्र सांगतं, ते हे नगर. १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँग यांनी तिथे पडलेले तट पाहून ते यहोशवाच्याच वेळचे असल्याचं जाहीर केलं होतं. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी तीच जागा थर सोडवत खणली, तेव्हा ते तट त्याहून हजारेक वर्षं जुने निघाले. केन्यन काही धर्माच्या वैरी नव्हत्या, त्यांचे वडीलच बायबलच्या हस्तलिखितांचे नावाजलेले अभ्यासक होते. आमच्या गटावर गार्स्टँग अजून फिरतात. केन्यन यांचं नाव तिथे मी कधी वाचलेलं नाही.

पुराव्याची भूक मोठी असली की बनावट मालालाही गिऱ्हाईक मिळतं. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (त्या समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचे) म्हणून विकत घेतलेले सगळे १६ तुकडे बनावट असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, आणि ते त्या संग्रहालयानेच करवून घेतलेल्या तपासणीतून. ही बातमी आपल्या वेदीवरून सांगायला लाज कसली?

नागपुरात ही भूक एवढी का, हे मला चांगलं कळतं. आपण तिथे मूठभर आहोत. शाळेत, ऑफिसात, चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारतोच, तुमचा देव परदेशी, तुमचं पुस्तक परदेशी, खरं कशावरून? मग दगड हातात धरावासा वाटतो. आजूबाजूलाही तेच चाललेलं असतं. मनसरच्या टेकडीवर वाकाटकांचं मंदिर होतं की बौद्धांचं स्थान, हा वाद काय, किंवा समुद्रातल्या द्वारकेचा काय, प्रत्येकाला मातीखालून आपलाच कौल हवा आहे.

इथे इंग्लंडात कुणी मला खरं कशावरून असं विचारत नाही. लोक लाखीशच्या दालनातून ममी पाहायला पुढे जातात. माझ्या शेजाऱ्यांना हिज्कीया खरा असला काय नि नसला काय, सारखंच. खरं सांगतो, या थंडपणापेक्षा मला नागपुरातल्या सदर भागातला तावातावाचा वाद जवळचा वाटतो, कारण तिथे शास्त्राचं काहीतरी मोल आहे. म्हणूनच तो वाद अर्ध्या माहितीवर चालू नये असं वाटतं. हिज्कीयाचं नाव त्या स्तंभावर आहे म्हणून कुणाची प्रार्थना ऐकली जात नाही, आणि यरीहोच्या तटांचा काळ जुळला नाही म्हणून ती वाया जात नाही. १९६१ मध्ये कैसरियात, येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पंतय पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला. पिलात यहूदियाचा अधिकारी होता, एवढं त्यावरून कळतं. येशूच्या मरणानंतर तिसऱ्या दिवशी काय घडलं ते कोणत्याही दगडावर मिळायचं नाही. ते आपण विश्वासानेच धरलं आहे, आणि तसं उघड म्हणावं.

हे नागपूरच्या मंडळीला जमायला हवं, कारण ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि भूगर्भशास्त्रज्ञही. शुभवर्तमान सांगत त्यांनी याच भागातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना ते ओढ्यात बुडून गेले. तशीच शिलावर्तुळं काटोल रोडवर जुनापाणीला आहेत, लोहयुगातली, म्हणजे साधारण हिज्कीयाच्याच काळाच्या आगेमागे. तरुण संघाची पुढची सहल तिथे न्या. सोबत पुरातत्त्व शिकवणारं कुणीतरी घ्या, आणि एखाद्या थराचा काळ कसा ठरवतात, तो चुकतो कसा आणि सुधारतात कसा, हे पोरांना जागेवर विचारू द्या.