क्लच जाळावा, पण ऐटीत

सर्वप्रथम अभिनंदन! नव्या हॅचबॅकच्या पैशांत तुम्ही जर्मन लक्झरी गाडी दारात आणून उभी केलीत. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या शौकिनांनी सोडलेल्या गाड्या इकडचे शौकीन एनओसीसकट उचलत आले आहेत. मीटरवर जेमतेम ४२ हजार किलोमीटर. एवढ्या कमी फिरलेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर इतकं गुळगुळीत कसं झालं, असले प्रश्न विचारणारी माणसं आयुष्यभर एसटीनेच फिरतात. तुम्ही विचारू नका.

आता क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअर यांना जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या प्लेटा. तुमच्या गाडीला क्लचच नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. डाव्या पायाखाली पेडल नाही म्हणजे क्लच नाही, साधा हिशोब आहे. ‘अहो, ही ड्युअल क्लच गाडी, आत एक सोडून दोन क्लच आहेत, एकावर १, ३, ५, ७ हे गिअर आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स,’ असं कुणी सांगू लागलाच तर मंद हसा आणि म्हणा, ‘ऑटोमॅटिक आहे ती.’ समोरचा गप्प बसतो. मेव्हण्याची बीएमडब्ल्यूही ऑटोमॅटिक आहे आणि तो ती ट्रॅफिकमध्ये खुशाल रांगवतो, हा पुरावा तर तुमच्या हाताशी आहेच. त्याच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, तिथे रांगताना होणारी घसट तेल सोसतं; तुमच्या गाडीत तीच घसट क्लचच्या प्लेटवरच्या अस्तराला सोसावी लागते. पण असल्या बारकाव्यांत शिरायला आपण काय मेकॅनिक आहोत?

तोच न्याय ओल्या आणि सुक्या क्लचला. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात, तर सात गिअरच्या लहान गिअरबॉक्समध्ये ते कोरडे असतात आणि तापले की थंड व्हायला फक्त हवा. आपली गाडी यांतली कोणती, हे विकत घेताना विचारायचं असतं म्हणे. ओला-सुका हा फरक आपण कचऱ्यातसुद्धा करत नाही.

क्लच जाळण्याच्या साधनेसाठी जागा हवी ती चढाची आणि कोंडीची. ठाणेकर भाग्यवान, त्यांना घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ घरबसल्या मिळाला आहे. पुढचा ट्रक वीतभर सरकला की तुम्हीही वीतभर सरका. गाडीच्या दोन लांबी जागा मोकळी होईपर्यंत थांबून मग एकदम पुढे गेलात तर क्लच पूर्ण बसेल, घसरणार नाही आणि सगळी मेहनत वाया जाईल. शिवाय त्या मोकळ्या जागेत रिक्षा घुसेल, तो अपमान वेगळाच. चढावर थांबताना ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवर अंगठ्याएवढा भार ठेवून गाडी जागच्या जागी तरंगती ठेवा. मागच्यांना तुमचं कसब दिसतं आणि आत प्लेट तापत राहते. ब्रेक दाबायचाच झाला तर अगदी हलका. नीट दाबला की गिअरबॉक्सचा संगणक क्लच मोकळा करतो, आणि आपल्याला ते नको आहे. पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारं ऑटो होल्ड नावाचं बटण तर शोभेचं आहे. त्याला हात लावू नका, पॉलिश जातं.

थोड्याच दिवसांत गाडी बोलू लागेल. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना अंगभर थरथरेल. बायकोने विचारलं तर ‘स्पोर्ट मोड’ म्हणून सांगा. मग एक दिवस एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेक करताना इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा चार हजारांवर जाईल आणि वेग आहे तिथेच राहील. क्लच स्लिप व्हायला लागला की असंच होतं, पण तुम्ही पेट्रोल पंपवाल्याला शिव्या द्या, भेसळ ही कधीही पटणारी गोष्ट आहे. बोरघाटात जळका वास आला तर तो पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा. ट्रक दिसत नसला तर नुकताच पुढे गेला असेल. काच वर करा, एसी रिसर्क्युलेशनवर टाका.

डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकू लागला की गाडी बंद करून परत सुरू करा. आकडा शांत होतो. माणसांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही, म्हणून तर आपण यंत्रांवर एवढा जीव लावतो. पुढे केव्हा तरी सम गिअरची बाजूच बंद पडेल आणि त्यांच्यासोबत रिव्हर्सही जाईल. यात घाबरण्यासारखं काही नाही. सोसायटीत गाडी तोंड बाहेर करून लावायची म्हणजे तिला मागे ढकलावी लागेल. वॉचमन आणि दोन दूधवाले पुरतात.

यावर कंपनीने काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. सात गिअरच्या त्या कोरड्या क्लचवाल्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, आतलं सिंथेटिक तेल बदलून खनिज तेल भरायला. दोष विजेचा होता, प्लेटचा नव्हे, पण तो कुठे उफाळतो याचं वर्णन वाचण्यासारखं आहे: उष्ण, दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक. कुर्ल्याचा पत्ता तेवढा लिहायचा राहिला होता.

ज्यांच्या गाडीला अजून तीन पेडलं आहेत त्यांनी निराश होऊ नये. डावा पाय कायम पेडलवर टेकवून ठेवलात की काम होतं. हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून हळूच क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतंय का बघायचं, ही जुन्या मिस्त्रींची परीक्षा मात्र टाळा. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट संपल्याचं कळतं आणि ते ज्ञान खर्चिक असतं. पेडल मऊ पडून तळाला गेलं तर पायाने उचलून घ्या. क्लचचं आणि ब्रेकचं तेल अनेक गाड्यांत एकाच डबीतून येतं, हा विचार घाटाच्या माथ्यावर करू नये.

शेवटी दुरुस्ती. आधी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन कोटेशन घ्या, कारण त्यानंतर जगातली कुठलीही रक्कम स्वस्त वाटते. मग कुर्ल्यातून किंवा नाना पेठेतून ‘काढलेला पण फ्रेश’ क्लच सेट आणा. गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर लावून क्लचचं तापमान आणि ॲडॅप्टेशनचे, म्हणजे संगणकाने क्लचच्या झिजेशी किती जुळवून घेतलंय त्याचे आकडे आधी वाचावेत, मग काय बदलायचं ते ठरवावं, असं म्हणणारा फोरमन भेटला तर तिथून निघा. तो मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर आणि क्लच हलवणारं नियंत्रण युनिट, न बदलताच गाडी दुरुस्त करून टाकेल आणि मित्रांत सांगायला मोठा आकडा उरणार नाही. ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचे धक्के शोषणारं जड चाक, इंजिन बंद होताना खडखडत असलं तरी तेच ठेवा. नवा क्लच बसवल्यावर संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते, बेसिक सेटिंग म्हणतात तिला. ती करू नका; दोघांची ओळख रस्त्यावर होईलच.

क्लच ओला असेल तर साधारण दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा असतो. इथे मात्र दिल्लीच्या डीलरचे आभार मानायला हवेत. त्याने मीटर असं काही मागे नेलं आहे की ते ६० हजार तुमच्या हयातीत येत नाहीत.

आणि एवढं करूनही कंटाळा आला तर गाडी विका. गिऱ्हाईक सकाळी सातला बोलवा, म्हणजे इंजिन गार, रस्ता मोकळा आणि क्लच शहाण्यासारखा वागतो. आदल्या रात्री एरर कोड पुसून घ्या. चक्कर सपाट रस्त्यावर आणि छोटी. ‘लांब कशाला, गाडी बोलतेच आहे’ असं म्हणा. त्याने खिशातून स्वतःचा स्कॅनर काढला, तर मात्र वडिलांची आठवण आहे, विकायची नाही असं सांगून त्याला चहा पाजा आणि जिन्यापर्यंत सोडून या.