जरा गप्प बसाल का, चेंडू पडतोय!

कसोटीचं शेवटचं सत्र. चेंडू बॅटची कड घेऊन दुसऱ्या स्लिपकडे जातो, झेल पकडला जातो, गोलंदाज हात पसरून धावत सुटतो, आणि कॉमेंट्री बॉक्समधले तिघे अजून आपल्यातल्याच एकाच्या गोल्फवर खिदळतायत. मग एकाला जाग येते. "ओहो, विकेट!" अरे बाबा, दिसली ती. तुझ्या आधी दिसली. खेळाडू एकमेकांना मिठ्या मारून मोकळे झाले आणि तू आत्ता सांगतोयस?

डोक्यात जातात ही माणसं. बरं, एखाद्या दिवशीचं असतं तर सोडून दिलं असतं. प्रत्येक सामन्यात तेच. क्रिकेट बघायचं असेल तर यांच्या तोंडाचा पट्टाही सहन करायचा, हे कोणी ठरवलं देव जाणे.

मुळात टीव्हीवर इतकं बोलायची गरजच काय? रेडिओची गोष्ट वेगळी होती. बाळ ज. पंडितांसारखी माणसं मराठीतून धावतं समालोचन करायची तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, चेंडूचा टप्पा कुठे पडला, कितीसाठी धावले, सगळं त्यांच्याच तोंडून कळायचं. ते थांबले की सामनाच थांबला. इथे माझ्यासमोर भलामोठा पडदा, मैदानाभोवती डझनावारी कॅमेरे, कोपऱ्यात धावसंख्या, चेंडूचा वेग, लागणाऱ्या धावा, सगळं मांडून ठेवलेलं. आणि हा मला सांगतो, "ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू, फलंदाजाने सोडून दिला." हो का? बरं झालं सांगितलंत, मला वाटलं सिक्स गेला.

ऑस्ट्रेलियाचे समालोचक रिची बेनॉ यांना हे कळलं होतं. चित्रात भर घालण्यासारखं काही असेल तर बोला, नाहीतर तोंड मिटा, एवढाच त्यांचा नियम. 63 कसोट्या, 248 बळी, वर ऑस्ट्रेलियाचं कर्णधारपद, म्हणजे "आम्ही खेळलोय" म्हणून मिरवायचा हक्क कोणाला असेल तर त्यांना होता. पण हा माणूस 1956 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर लंडनमध्ये मागे राहिला तो बीबीसीत टीव्हीचं प्रशिक्षण घ्यायला. अजून खेळत असताना! कर्णधारही झाला नव्हता तेव्हा. आधी शिकला, मग बोलला. आता काय चाललंय? सकाळी निवृत्ती, संध्याकाळी हातात माइक. बोलता येतं का, कोणी विचारत नाही. नाव आहे ना, बसवा.

2005 ची ओव्हलची कसोटी आठवा. इंग्लंडमधल्या टीव्हीवरचं बेनॉ यांचं ते शेवटचं समालोचन. चार दशकांहून जास्त काळ ज्यांच्या घरात आवाज पोचला त्या प्रेक्षकांचा ते निरोप घेत होते, आणि नेमका तेवढ्यात मॅग्राने पीटरसनचा त्रिफळा उडवला. स्वतःच्या निरोपाचं भाषण चालू असताना हा माणूस चेंडूकडे बघत होता! त्याच वाक्यात विकेट सांगितली, ना गडबड ना आरडाओरडा. आणि यांना गोल्फमधून डोकं वर काढता येत नाही.

याहून जास्त संताप कशाचा येतो सांगू? निकाल बघून अक्कल पाजळण्याचा. गोलंदाज एक संथ, आखूड चेंडू टाकतो. फलंदाज घाईत बॅट फिरवतो, चेंडू उंच उडतो, डीप मिडविकेटला झेल. लगेच सुरू: "काय डोकं लावलंय! वेगात केलेला बदल बघा, याला म्हणतात अनुभव." पुढच्या षटकात तोच गोलंदाज, तोच वेग, तोच टप्पा. या वेळी चेंडू बॅटच्या मधोमध बसतो आणि प्रेक्षकांत जातो. आणि तोच तोंडाळ माणूस, त्याच आवाजात, जिभेला जराही न अडखळता: "इथे हा टप्पा टाकायचाच नव्हता. अनुभव कमी पडतो अशा वेळी." अरे! दहा मिनिटांत त्याचा अनुभव गेला कुठे? चेंडू चांगला की वाईट हे तुम्ही तो कुठे जाऊन पडला ते बघून ठरवणार असाल तर ते काम स्कोअरकार्डही करतं, आणि निदान गुपचूप करतं.

विश्लेषण म्हणजे काय ते बघायचं असेल तर 17 डिसेंबर 2020, ॲडलेड. डावाचं पहिलं षटक, पृथ्वी शॉ ऑस्ट्रेलियाच्या स्टार्कसमोर. कॉमेंट्री बॉक्समधून रिकी पाँटिंग बोलता बोलता सांगतात की आत येणाऱ्या चेंडूवर याची बॅट आणि पॅड यांच्यात चांगलीच फट राहते, ऑस्ट्रेलियावाले तिथेच मारा करतील. पुढचाच चेंडू आत आला, बॅटची आतली कड, त्याच फटीतून स्टंपवर. डावातला दुसरा चेंडू होता तो. चेंडू पडायच्या आधी बोलले, हे लक्षात घ्या. आधी! नंतर तर मीही सोफ्यावर पाँटिंगच असतो. नासिर हुसेन, माइक अ‍ॅथर्टन यांच्याकडेही हा गुण आहे. क्षेत्ररचना बदलली की का बदलली हे ते सांगतात आणि मग थांबतात, आम्हाला बघू देतात.

बाकीच्यांकडे काय आहे? ठरलेलं दळण. "मोमेंटम बदललाय." "इथून पुढची दोन षटकं फार महत्त्वाची." आणि ती संपली की त्यापुढची दोन. "इंटेंट दिसला पाहिजे." "फॉर्म येतो-जातो, क्लास कायम." "आज जो संघ दडपण चांगलं हाताळेल तो जिंकेल." नाही हो, मला वाटलं जो वाईट हाताळेल तो जिंकेल. त्यात कोणीतरी आकडेवाला हाताशी कागद सरकवतो आणि मग शनिवारी, दिव्यांच्या उजेडात, डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाविरुद्ध या मैदानावर दुसऱ्या डावात सरासरी किती, हे ऐकावं लागतं. ते वाचून संपेपर्यंत दोन चेंडू झालेले असतात. त्यावर बॉक्समधलं कोणीही चकार शब्द काढत नाही.

आणि ओरडणं! एकेरी धावेलाही घशाच्या शिरा ताणायच्या. साधा चौकार गेला की जणू वर्ल्ड कप जिंकला. मग खरोखर वर्ल्ड कप जिंकतात तेव्हा काय शिल्लक उरतं यांच्या घशात? इयन बिशप 2016 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये ओरडलेच होते. शेवटच्या षटकात 19 हवेत, वेस्ट इंडिजच्या ब्रेथवेटने इंग्लंडच्या स्टोक्सला सलग चार सिक्स मारले, आणि बिशप यांनी त्याचं नाव दोनदा घेऊन जगाला बजावलं, हे नाव लक्षात ठेवा. त्याला अर्थ होता, कारण तोपर्यंत ते नाव फारसं कोणाला माहीतच नव्हतं. शिवाय बिशप दर चेंडूला तसे ओरडत नाहीत, म्हणून तर ते कानात राहिलं. फुटबॉलमध्ये मार्टिन टायलर घ्या. मे 2012, मँचेस्टर सिटीला शेवटच्या क्षणी लीगचं विजेतेपद मिळवून देणारा अ‍ॅग्वेरोचा गोल. टायलर यांनी त्याचं नाव जीव खाऊन ताणलं, आणि मग? काही सेकंद एक शब्द नाही. स्टेडियम बोलत होतं. आमच्याकडचा एखादा असता तर त्या काही सेकंदांत त्याने तीन विशेषणं, एक शेर आणि अ‍ॅग्वेरोच्या बालपणीची कष्टाची कहाणी कोंबली असती.

शेरांवरून आठवलं, हिंदी कॉमेंट्रीवाल्यांनी तर ताळतंत्रच सोडलंय. यमकं जुळवलेल्या म्हणी, एकमेकांचे विनोद, त्यावर एकमेकांचंच हसणं. फलंदाज पायाला हात लावून खाली बसलाय, फिजिओ धावतोय, आणि इथे चारोळी चालू. मराठीची सोय झाली तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. 2023 च्या आयपीएलला जिओसिनेमावर 12 भाषांत मराठीही आली. केदार जाधव मराठीत समालोचन करत होता, आणि करता करता बेंगळुरूच्या संघाने त्याला थेट खेळायलाच बोलावून घेतलं! असा माणूस माइकवर असावा, कालपरवापर्यंत बॅट हातात असलेला. पण सगळीकडे तसं कुठे? कित्येकदा इंग्रजीवाला जे बोलला तेच तीन सेकंदांनी मराठीत. री ओढायची तर मग वेगळं चॅनेल कशाला काढता?

पक्षपाताबद्दल बोललं की लोक अंगावर येतात. "आपल्या देशाच्या बाजूने बोलला तर बिघडलं कुठे?" बिघडलं. "आपण", "आपल्याला", "आपले बॉईज" करत बसायला प्रेक्षक आहेत की स्टेडियमभर. 2019 च्या वर्ल्ड कपची फायनल. इयन स्मिथ स्वतः न्यूझीलंडचे माजी यष्टिरक्षक. त्यांचा देश सुपर ओव्हरही बरोबरीत सोडवून केवळ चौकार-षटकारांच्या मोजणीवर हरला. तो क्षण जगाला सांगायचं काम नेमकं त्यांच्या वाट्याला आलं आणि त्यांनी इंग्लंडचा आनंद आणि न्यूझीलंडची वेदना एकाच दमात, एकाच मापाने सांगितली. रडगाणं नाही, नियमाच्या नावाने खडे फोडणं नाही. पुन्हा बेनॉच घ्या. 1981 मध्ये मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा हवे असताना ग्रेग चॅपेलने, सिक्स मारताच येऊ नये म्हणून, भावाला सरपटी चेंडू टाकायला लावला, तेव्हा आपल्याच देशाच्या कर्णधाराची ही कृती लाजिरवाणी आहे असं त्यांनी टीव्हीवर स्पष्ट सांगितलं.

आज आपल्याकडे कोण बोलेल असं? बोलायला तोंड आहे, पण ते कुठे उघडायचं हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला तेव्हा त्यांचेच माजी कर्णधार इयन चॅपेल यांनी समालोचनाला नकार दिला होता. संघनिवड, डीआरएस (पंचांच्या निर्णयाची टीव्हीवरून फेरतपासणी) आणि भारतीय क्रिकेट मंडळाचा कारभार यांवर बोलायचं नाही, या अटीमुळे. मग बोलायचं कशावर, हवामानावर? 2016 च्या आयपीएलच्या तोंडावर नावाजलेले समालोचक हर्षा भोगले समालोचनातून एकदम बाहेर, आणि कारण त्यांना स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. जिथे भोगल्यांची ही गत, तिथे बाकीचे मिठाची गुळणी धरणारच. निवड समितीने भलताच खेळाडू घेतला, खेळपट्टी भिकार आहे, वेळापत्रकाने खेळाडू पिळून निघालेत, यातलं काही कानावर पडत नाही. पडतं काय, तर प्रायोजकाचं नाव जोडलेला षटकार आणि प्रायोजकाचं नाव जोडलेला झेल.

भोगल्यांचा विषय निघालाय तर तेही सांगून टाकतो. ते स्वतः कसोटी क्रिकेट खेळलेले नाहीत. 2019 च्या कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत त्यांनी साधी सूचना केली, चेंडू नीट दिसतो का हे खेळाडूंना विचारायला हवं. शेजारी बसलेल्या माजी कसोटीपटूने थेट प्रक्षेपणात सुनावलं की विचारायची गरज तुम्हाला, आम्ही खेळलेल्यांना कळतं. त्याने नंतर खेद व्यक्त केला, तो भाग वेगळा. पण ही वृत्ती काही त्या एकट्याची नाही. खेळलेल्याला जास्त कळतं हे मान्य. मग ते कळलेलं सांगा ना! प्रश्न विचारणारा माणूस बॉक्समध्ये आहे म्हणून तर तुमच्याकडून कधीमधी उत्तर निघतं.

आणि समजा, फार क्वचित, कोणी उत्तर द्यायला लागलाच. "आता या रिप्लेमध्ये त्याचं मनगट बघा, चेंडू सुटताना..." की कापली जाहिरात! अख्ख्या तासातलं एकमेव ऐकण्यासारखं वाक्य, तेच अर्ध्यात. परत येतात तेव्हा पुढच्या षटकाचा पहिला चेंडू पडून गेलेला असतो आणि बॉक्समध्ये पाळी बदललेली असते. मनगटाचं काय झालं, कोणालाच ठाऊक नाही.

लोक म्हणतात, एवढा त्रास होतो तर आवाज बंद करून बघ. अहो, केला बंद! पण आवाज बंद केला की नुसती बडबड जात नाही, सगळंच जातं. बॅटवर चेंडू बसल्याचा तो टणक आवाज जातो, स्टंप माइकमधली यष्टिरक्षकाची टोमणेबाजी जाते, अपील जातं, प्रेक्षकांचा हुंकार जातो. मुक्यासारखी माणसं इकडून तिकडे पळताना दिसतात. वास्तविक मैदानाचा आवाज आणि यांचा आवाज वेगवेगळे टिपलेले असतात, नंतर एकत्र करून आमच्या माथी मारले जातात. 12 भाषांत हे एकत्र करायला जमतं, मग एका ठिकाणी न करायला काय धाड भरली? तेरावा पर्याय द्या. फक्त मैदान. कॉमेंट्री नाही, शेर नाही, मोमेंटम नाही. वाटल्यास जास्तीचे पैसे घ्या, मी देतो.

फक्त दर पाच मिनिटांनी मधेच कोणी येऊन "ऐका प्रेक्षकहो, काय सुंदर शांतता आहे" असं सांगायचं नाही.