‘दंगल’ या शब्दावरून: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजी अमलातल्या नायजेरियात १९२९ मध्ये झालेल्या बायकांच्या युद्धावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे. एक, कर चुकवायला जमलेल्या बायकांनी लुटालूट केली, इंग्रजी कागदपत्रांत तिला ‘अबा दंगल’ म्हणतात आणि तोच शब्द बरोबर आहे. ‘आंदोलन’ हे मी केलेलं उदात्तीकरण आहे. दोन, ‘समानता’ हा आजचा शब्द मी त्यांच्या तोंडी घातला. तीन, ना संघटना, ना पुढारी, ना मागण्या. सगळं रागाच्या भरात झालं आणि म्हणून हाती काही लागलं नाही.

दुसरा आक्षेप बराचसा मान्य आहे, त्याकडे शेवटी येते. एक चूक तुम्ही दाखवली नाहीत, ती मीच सांगते. मूळ लेखात ‘बायकांवर कर लादला गेला’ असं वाक्य होतं. कर लादला गेला नव्हता, लादला जाईल अशी धास्ती होती. वाक्य दुरुस्त केलं आहे.

पण ती धास्ती कुणी उठवलेली वावडी नव्हती. १९२६-२७ मध्ये नायजेरियाच्या आग्नेय भागात पुरुषांची मोजणी झाली, आणि ही नुसती शिरगणती आहे असं लोकांना सांगण्यात आलं. १९२८ मध्ये त्याच याद्या पुढ्यात ठेवून पुरुषांकडून कर वसूल झाला. नोव्हेंबर १९२९ मध्ये बेंडे विभागात कॅप्टन कुक नावाचे अधिकारी होते. त्यांना जुन्या याद्या अपुऱ्या वाटल्या, म्हणून या वेळी बायका, मुलं आणि जनावरं धरून फेरमोजणी करा असा हुकूम त्यांनी काढला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर पुन्हा दूधच पुढे आलं होतं.

ओलोको गावात हे काम तिथल्या ओकुगो नावाच्या ‘वॉरंट चीफ’नं (इंग्रजांनी सनद देऊन नेमलेल्या प्रमुखानं) मिशन शाळेतले मास्तर एमेरुवा यांच्यावर सोपवलं. ते न्वान्येरुवा या बाईच्या अंगणात गेले तेव्हा ती पामतेल काढत होती. माणसं, शेळ्या, मेंढ्या मोज, असं त्यांनी सांगितल्यावर तिनं विचारलं, “तुझ्या आईची मोजणी झाली होती का?” झटापट झाली आणि ती थेट बायकांच्या सभेकडे धावली.

ती करत असलेलं काम समजून घेतलं की ‘कर चुकवणं’ हा शब्द किती तोकडा पडतो ते कळतं. तेलताडाची फळं उकडायची, कुटायची, चोथा पिळून लाल तेल काढायचं. या तेलाच्या पैशावर रिवाजानं नवऱ्याचा हक्क. फळाच्या आत कठीण कवचाची बी उरते. ती वाळवायची, दगडावर ठेवून एकेक फोडायची आणि आतला गर वेगळा करायचा. तो गर युरोपीय कंपन्या विकत घ्यायच्या, आणि त्याचा पैसा बाईचा. घराचं मीठ-मिरची, मुलांचे कपडे, बाजारातलं तिचं छोटं भांडवल, सगळं यातून. १९२९ मध्ये पामच्या मालाचे भाव पडले होते आणि बाहेरून येणारा माल महागला होता. अशा वेळी कुणी वही घेऊन शेळ्या मोजायला आला, तर तो नेमकं कशाला हात घालतोय हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं.

‘वॉरंट चीफ’विषयीही दोन शब्द, कारण मूळ लेखात मी ते घाईत उरकलं. या भागातल्या इग्बो लोकांच्या बहुतेक गावांत राजा नव्हता. कारभार गावसभा आणि वडीलधारे चालवत. इंग्रजांना हुकूम द्यायला एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी एकेकाला सनद दिली, टोपी दिली आणि स्थानिक न्यायालयात बसवलं. तो दंड करणार, वेठबिगार लावणार, आणि गावानं त्याला निवडलेलं नाही. म्हणून नंतर गावोगाव बायकांनी ‘टोपी दे’ अशी मागणी केली. टोपी दे म्हणजे पद सोड.

आता ‘संघटना नव्हती’ या मुद्द्याकडे. इथे तुमचं मत मला अजिबात पटत नाही.

इग्बो मुलगी लग्न करून दुसऱ्या गावात जाते. तिथे ती त्या कुळाच्या सुनांच्या गटात येते, त्याला इन्योमदी म्हणतात. पण माहेरच्या लेकींच्या गटातलं, म्हणजे उमुआदातलं, तिचं स्थान सुटत नाही. एका बाईचा पाय असा दोन गावांत, आणि एका गावातल्या सुनांची माहेरं डझनभर गावांत. त्यावर चार दिवसांचा आठवडा: एके, ओरिये, आफो, न्क्वो. बाजार या वारांनी गावोगाव फिरतो आणि विक्रेत्या बहुतेक बायकाच. त्यांच्या सभेला ‘मिकिरी’ म्हणत. तिथे बाजाराचे नियम ठरत, तंटे सुटत, कुणाला काय दंड हे ठरे. निरोप द्यायला तेलताडाच्या कोवळ्या झावळीचं पातं पाठवायचं. जिला मिळेल तिनं पुढच्या गावाला पातं पोचवायचं. ओलोकोहून निघालेली पाती काही दिवसांत बेंडे, उमुआहिया, न्ग्वा भागात फिरली. पुढे ओवेरी आणि कॅलाबार या दोन प्रांतांत हे लोण पसरलं, सुमारे सहा हजार चौरस मैलांत. म्हणजे जवळजवळ आख्खा पुणे जिल्हा, आणि तोही टेलिफोनशिवाय. रागाच्या भरात एवढं होत नाही.

अबा हे त्यातलं एक शहर. ‘अबा दंगल’ या नावानं जागाही आक्रसते आणि कारणही. इग्बो भाषेत याला ‘ओगु उमुन्वान्यी’ म्हणतात, शेजारच्या इबिबिओ लोकांच्या भाषेत ‘एकोंग इबान’. दोन्हींचा अर्थ बायकांचं युद्ध.

तुम्ही ज्याला ‘धुडगूस’ म्हटलंत ती मुळात एक जुनी, नेमानं चालणारी शिक्षा होती. इंग्रजी अभ्यासक तिला ‘पुरुषावर बसणं’ म्हणतात. बायकोला मारहाण करणारा, बाजाराचे नियम मोडणारा, आपली गुरं बायकांच्या शेतात सोडणारा पुरुष तिच्या तडाख्यात यायचा. पद्धत अशी: ठरल्या वेळी सगळ्या त्याच्या अंगणात जमायच्या. अंगावर आखूड फडकं, तोंडाला राख किंवा कोळसा, डोक्याला नेच्याची पानं, हातात ताडाच्या कोवळ्या पात्यांनी मढवलेली काठी. मग नाच आणि गाणी. गाण्यात त्याचा अपराध तपशिलानं, नाव घेऊन. जोडीला त्याच्या मर्दानगीवर चार टोमणे. भिंतीवर मुसळं आपटायची. तरीही तो ऐकत नसेल तर छप्पर उसकटायचं. तो चूक कबूल करून वागणं सुधारायचं वचन देईपर्यंत हे चालायचं, गरज पडली तर रात्रभर. गावातले बाकीचे पुरुष मध्ये पडत नसत. (मुसळ हे घरातलं अवजार आहे म्हणून हसू नका. आपल्याकडे १९७२ च्या महागाईविरोधी मोर्चात लाटणी-थाळ्या निघाल्या, त्याला कुणी स्वयंपाकघरातली दंगल म्हटलं नाही.)

ओलोकोत सगळं याच क्रमानं झालं. आधी एमेरुवा राहत होते त्या मिशनच्या आवारात बायका ठाण मांडून बसल्या आणि घरातल्यांना झोपू दिलं नाही. मग ओकुगोच्या दारात. त्याच्या माणसांनी मारहाण केली, काही बायका जखमी झाल्या. त्यावर त्यांनी त्याचं घर पेटवून सूड उगवून विषय संपवला नाही. बेंडेच्या कचेरीवर गेल्या आणि त्याच्या अटकेची मागणी केली. त्याची टोपी गेली, खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढारी नव्हते म्हणता, तर इकोन्निया, न्वान्नेदिया आणि न्वुगो या तिघी ओलोकोच्या बाजूनं बोलणी करत होत्या, ठिकठिकाणी जाऊन बायकांना आवरत होत्या. पुढारी दिसत नाहीत ही अधिकाऱ्यांचीही तक्रार होती. यामागे पुरुषांची फूस असणार, असा संशय त्यांना शेवटपर्यंत होता.

मग बिघडलं कुठे? बिघडलं, हे मी नाकारत नाही. अबा शहरात डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एका युरोपीय डॉक्टरच्या मोटारीखाली दोन बायका सापडल्या आणि तिथून तोल गेला. कंपन्यांची दुकानं फुटली, तुरुंग फोडून कैदी सोडवले गेले. ही लूटच होती. सगळ्या भागात मिळून सोळा स्थानिक न्यायालयांवर हल्ले झाले, त्यातली बहुतेक मोडली किंवा जाळली गेली. पण लक्ष्य काय होतं ते बघा: न्यायालयं, टोपीवाले चीफ आणि माल घेणाऱ्या कंपन्या. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्यावरच हात पडला.

खरी गोची अशी की शिक्षेची ही पद्धत दोन्ही बाजूंना ठाऊक असली तरच चालते. इग्बो पुरुषाला कळायचं की छप्पर उसकटलं म्हणजे आता माफी मागायची वेळ आली. इंग्रज अधिकाऱ्याला दिसायच्या तोंडाला काळं फासलेल्या, काठ्या उगारलेल्या, अर्धनग्न हजारो बायका. उलट बायकांनाही समोरच्याचे नियम ठाऊक नव्हते. बायकांवर कुणी बंदूक चालवणार नाही, असा अनेकींचा पक्का समज होता.

१६ डिसेंबरला ओपोबोला, म्हणजे आजच्या इकोट अबासीला, हा समज खोटा ठरला. ‘मागण्या नव्हत्या’ या तुमच्या वाक्याला उत्तरही तिथेच आहे. बायकांनी अधिकाऱ्याला मागण्या लिहून घ्यायला लावल्या. बायकांवर कर नको. खासगी मालमत्तेची मोजणी नको. बाजारातल्या शेडचं भाडं नको. नाच-गाण्याच्या खेळांना परवाना नको. अमुक चीफ आम्हाला नको. शिवाय कागद टाइप करून हवा, प्रती हव्यात. तोंडी शब्दावर १९२७ मध्ये फसगत झालेली असल्यानं कागदाचा हट्ट. त्या प्रतींची वाट बघत असताना गर्दीच्या रेट्यानं कुंपण कोसळायला आलं आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. एकट्या ओपोबोत तीसच्या आसपास बायका मेल्या, त्यात काही पळताना नदीत बुडाल्या. सगळे गोळीबार मिळून मृतांचा आकडा पन्नासच्या वर जातो. समोरच्या बाजूचा कुणी गंभीर जखमीसुद्धा झाला नाही. ‘दंगल’ या शब्दाबद्दल माझी तक्रार ही आहे. तो शब्द एकदा वापरला की गोळीबाराचं अर्धं समर्थन आपोआप होऊन जातं.

हाती काय लागलं? गावांवर सामूहिक दंड बसले, हे आधी सांगायला हवं. पण १९३० मध्ये चौकशी आयोग बसला, बायकांच्या साक्षी झाल्या आणि छापल्या गेल्या. दुभाष्यामार्फत, इंग्रजीत, पण छापल्या गेल्या. न्वान्येरुवाचा तो प्रश्न आज आपल्याला माहीत आहे तो त्यामुळेच. आणि १९३३ पासून वॉरंट चीफची पद्धत मोडीत काढून गावानं ठरवलेल्या माणसांची न्यायमंडळं आली. काही थोड्या ठिकाणी त्यात बायकाही बसल्या. मागितलं त्यापेक्षा कमी; पण ‘काही नाही’ हे बरोबर नाही.

यातली कच्ची बाजू दुरुस्त झाली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, अबेओकुटात. तिथली भाषा योरुबा, तिथे राजा होता आणि बायकांवर १९१८ पासून खरोखरच वेगळा कर होता, मुलींना पंधराव्या वर्षापासून. १९४६ मध्ये फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी सुशिक्षित बायकांच्या मंडळात बाजारातल्या विक्रेत्यांना आणून अबेओकुटा महिला संघ उभा केला. सुमारे वीस हजार सभासद. त्यांचं काम बघितलं तर ओपोबोचा एकेक दोष पुसून काढल्यासारखं वाटतं. तक्रार आकड्यांत: हिशेबनीस नेमून राजाच्या कारभाराचा जमाखर्च तपासला आणि बायकांचा कर काढून परदेशी कंपन्यांवर लावा, असा पर्याय लेखी दिला. मोर्चाला परवाना नाकारला की त्याच मोर्चाला ‘सहल’ किंवा ‘उत्सव’ म्हणायचं. बायकांवर बळ वापरलं जाणार नाही, या भोळ्या समजुतीवर त्या विसंबल्या नाहीत. अश्रुधुराचा डबा उचलून परत कसा फेकायचा, नाक-डोळे कसे झाकायचे, याचा सराव आधी झाला. रॅन्सम-कुटी स्वतः इंग्लंडात शिकलेल्या, पण योरुबा वस्त्रं नेसू लागल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांशी योरुबातच बोलत. दुभाषा आणण्याची पाळी आता साहेबावर. १९४७ च्या अखेरीस दहा हजार बायका राजवाड्याबाहेर चोवीस तास बसल्या, पुढच्या खेपेला अठ्ठेचाळीस तास. गाणी तीच, टोमणे तेच. राजा अलाके अदेमोला यांनी जानेवारी १९४९ मध्ये गादी सोडली. (१९५० च्या शेवटी ते परत आले, हेही खरं.)

आता समानता. ओपोबोच्या मागण्यांतली एक मी वर मुद्दाम गाळली, कारण ती तुमच्या बाजूची आहे: वेश्या म्हणून ठाऊक असलेल्या बायकांना अटक करा. सगळ्या बायका सारख्या, असं म्हणणारं हे वाक्य नाही. ‘पुरुषांएवढं द्या’ असंही त्या कुठे म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की आमच्या कामाचा, बाजाराचा, सभेचा एक प्रांत आहे, तो आम्ही चालवतो, आणि तुमच्या टोपीवाल्यानं त्यात पाऊल टाकायचं नाही. याला मराठीत चपखल शब्द मला अजून सापडलेला नाही. स्वायत्तता जवळचा वाटतो, पण फार कचेरीतला.

म्हणून मूळ लेखाच्या शीर्षकातला ‘समानतेसाठी’ हा शब्द आज काढला आहे. ‘युद्ध’ मात्र ठेवलं आहे, कारण ते नाव त्यांनी स्वतः दिलेलं आहे.